काकूच्या हातचं दूध : मराठी मालिकांच्या लेखक-निर्मात्यांना खुले पत्र

प्रति,
मराठी मनोरंजन वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख, मालिकांचे निर्माते आणि कथा, पटकथा, संवाद लिहिणारे सर्व लेखक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यातली गोष्ट. शेजारची सात वर्षांची मुलगी संध्याकाळी आमच्याकडे आली आणि माझ्या काकूला टेकून मालिका बघत बसली. पडद्यावर भरजरी साडीतली एक काकू आईबाप नसलेल्या पुतणीच्या दुधात पुडी सोडत होती. तोच प्रसंग तीनदा, तीन बाजूंनी दाखवला. मुलीने मान वर करून विचारलं, "आजी, तुम्हीपण मावशीच्या दुधात असं घालायचात का?"

मावशी म्हणजे मी. मला आईवडील नव्हते आणि मी काका-काकूंकडे वाढले, एवढं तिला घरात कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं असेल. पुढचं तिने तुमचं बघून जोडलं.

काकू ७८ वर्षांची आहे. ती रागावली नाही. "नाही गं बाळा, साखर घालायचे," म्हणाली, आणि थोड्या वेळाने गुडघ्यावर हात टेकून उठली नि आत गेली. दुसऱ्या दिवशी ती टीव्हीसमोर आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. विचारलं तर म्हणाली, "डोळे दुखतात." तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वीच झालंय. लांबचं तिला माझ्यापेक्षा स्वच्छ दिसतं.

एका वाहिनीच्या पत्त्यावर मी दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी वाई तालुक्यातल्या एका गावची. गेली २४ वर्षं तालुक्याच्या गावी एका वकिलांकडे दस्त टाइप करते. खरेदीखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र. ज्या इस्टेटीभोवती तुमची निम्मी कथानकं फिरतात, तिचे कागद रोज माझ्या हाताखालून जातात. आणि मी स्वतः एक वारसदार मुलगी होते. बंगला, कंपनी, फार्महाऊस असलं काही नव्हतं. २ एकर १० गुंठे जमीन होती, हळदीची आणि उसाची.

तुमची गोष्ट मला पाठ आहे. मुलगी गोरी, भाबडी, लाखात एक. वडील अपघातात गेलेले, आणि तो अपघात घडवून आणलेला. सगळी मालमत्ता तिच्या नावावर, पण ते तिला माहीत नाही. घरात काका, काकू किंवा मामा. ते लोकांसमोर तिला लेक म्हणतात आणि दार लोटलं की तिच्या जिवावर उठतात. ती १८ वर्षांची व्हायच्या आत सही घ्यायची असते, नाहीतर आपल्या नालायक मुलाशी तिचं लग्न लावायचं असतं. घरातला एक जुना गडी सगळं जाणून असतो. तो सांगायला जातो त्याच रात्री जिन्यावरून पडतो. शेवटी बाहेरून एक मुलगा येतो आणि तिला वाचवतो. नाव बदलतं, शहर बदलतं, साड्या बदलतात, ट्रॅक तोच राहतो.

माझी पहिली तक्रार पोरक्या मुलांना सांभाळणाऱ्या माणसांच्या वतीने आहे, आणि ती मला सविस्तर सांगायची आहे.

माझे वडील १९८३ साली गेले. आई त्याच्या पाच वर्षं आधीच गेली होती. मी नऊ वर्षांची होते. तेराव्याला आलेल्या लोकांनी काकांना सांगितलं, पोरीचं नाव कशाला लावतोस, ती उद्या दुसऱ्याच्या घरी जायची, जमीन परगावच्या माणसाच्या घशात जाईल. काका म्हणाले, "ते माझं नाही." ते तलाठ्याकडे किती वेळा गेले ते मला आठवत नाही, पण सायकलवरून जायचे आणि बऱ्याचदा "साहेब नव्हते" म्हणत परत यायचे हे आठवतं. शेवटी वारसनोंद झाली. सातबारावर माझं नाव लागलं आणि त्यापुढे तीन अक्षरं आली : अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अज्ञान म्हणजे १८ वर्षांखालचं मूल. पुढे काकांचं नाव.

काकांची एक वही होती. लाल कापडी पुठ्ठ्याची, वाण्याकडे असते तशी. तिच्यात एका बाजूला "घरचं" आणि दुसऱ्या बाजूला "पोरीचं" असे दोन रकाने. माझ्या हिश्श्यात किती हळद झाली, काय भावाने गेली, बेण्याला किती, शिजवायला किती, मजुरी किती, शिल्लक किती. शिल्लक पोस्टात. एका वर्षी कंद कुजला आणि "पोरीचं" या रकान्यात शिल्लक उणे आली. काकांनी ती उणे रक्कम शाईने खोडून "घरचं"मध्ये ओढून घेतली होती. हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही. ते गेल्यावर वही माझ्या हाती आली तेव्हा मी वाचलं.

१९९२ साली मला १८ पूर्ण झाली. तुमच्या मालिकेत हा दिवस कटकारस्थानाचा असतो. आमच्या घरी त्या दिवशी काकांनी माझा शाळा सोडल्याचा दाखला शोधला, मला चावडीवर नेलं आणि अ.पा.क.चा शेरा कमी करण्याचा अर्ज दिला. वहीतला हिशेब वाचून दाखवला. काकू मात्र माझ्यावर त्या दिवशी चिडलेली होती, कारण मी चुलीवरचं दूध उतू घालवलं होतं. ती माझ्यावर चिडायची. स्वतःच्या मुलांवर चिडायची तेवढीच. दोन धपाटे घालायची आणि रात्री खोबरेल तेल चोळून वेणी घालायची. पोरकं मूल वाढवणाऱ्या बाईला चारचौघींसारखं चिडायचीही सोय गावाने ठेवली नव्हती. मला मार बसला की शेजारच्या बायका दारात यायच्या, "आई असती तर" म्हणायच्या. स्वतःच्या पोरांना मारताना तिला कुणी असं म्हणत नसे. हे ती ४० वर्षं ऐकत आली आणि आता ७८व्या वर्षी एका लहान मुलीच्या तोंडून पुन्हा ऐकलं.

मामाचंही तेच. मराठी लग्नात मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी भटजी हाक देतात, मामा, मुलीला घेऊन या. जावळ काढतात ते मामाच्या मांडीवर. एवढा मान ज्या नात्याला आहे, ते तुमच्या लेखणीत आलं की लगेच शकुनी होतं. कंस आणि शकुनी आपल्या पुराणांत आहेत, हे मला मान्य आहे. पण त्याच पुराणांत भाच्याला सांभाळणारा कृष्णमामाही आहे. पांडव वनवासात असताना अभिमन्यू द्वारकेत मामाकडेच वाढला. त्यांच्यावरून कुणी ट्रॅक लिहिल्याचं मला आठवत नाही.

हे आज लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. कोविडमध्ये आपल्या राज्यात कितीतरी मुलांचे आई आणि वडील दोघंही गेले. २०२१ साली राज्य सरकारने अशा प्रत्येक मुलाच्या नावे ५ लाख रुपयांची मुदत ठेव ठेवायचं ठरवलं. केंद्राच्या योजनेत वयाच्या २३व्या वर्षी १० लाख रुपये मिळायचे आहेत. ही मुलं आज कुणाच्या घरी आहेत? आजी, काका, आत्या, मामा, मावशी यांच्याकडे. म्हणजे तुमच्या गोष्टीतली "नावावर पैसा असलेली पोरकी मुलगी" आज महाराष्ट्रात खरोखर आहे, शाळेत जाते आहे आणि संध्याकाळी काकूशेजारी बसून तुमची मालिका बघते आहे. तिच्या मनात तुम्ही काय पेरता? आणि त्या काकूच्या मनात, जिने स्वतःच्या दोन मुलांच्या ताटाशेजारी तिसरं ताट मांडलं? ठेवीच्या पावतीची झेरॉक्स काढायला आलेल्या एका मामांना मी आमच्या कार्यालयात पाहिलं आहे. बँकेने मागितलेला कागद दाखवताना तो माणूस पुन्हा पुन्हा सांगत होता, "मॅडम, पैशाला आम्ही हात लावलेला नाही." त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

सगळे काका माझ्या काकांसारखे असतात, असं मी म्हणत नाही. पुतण्याचं नाव २० वर्षं सातबाऱ्याला न लावणारे काका मी पाहिले आहेत, त्यांचे दावे टाइप केले आहेत. लोभी नातेवाईक असतात, त्यांच्यावर लिहा. १८९९ साली देवलांनी 'संगीत शारदा' लिहिलं, त्यात पोरीला पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला माणूस तिचा सख्खा बाप आहे. पण त्या बापाबरोबर, कांचनभटाबरोबर, त्या काळची चालरीत उघडी पडते. कुणाला पैसे मिळतात, मध्यस्थ कोण, गप्प कोण बसतं, हे सगळं कळतं. बघणाऱ्याला घरी जाऊन स्वतःच्या आळीकडे बघावं लागतं. तुमची काकू वाईट का आहे, तर ती वाईट आहे म्हणून. यातून बघणाऱ्याच्या हाती काय पडतं?

दुसरी तक्रार कायद्याची. ही थोडक्यात सांगते, कारण यातलं निम्मं कुणीही साधा वकील तुम्हाला चहा पिता पिता सांगेल.

रात्री बाराला बंगल्यात कोऱ्या कागदावर सही घेऊन कुणाची जमीन जात नाही. जमिनीच्या खरेदीखताला, बक्षीसपत्राला नोंदणी लागते. दुय्यम निबंधकासमोर जाऊन फोटो आणि अंगठा द्यावा लागतो, ओळख पटवणारे लागतात. अज्ञान मुलीने केलेला करार मुळातच रद्द, हे १९०३ सालापासून ठरलेलं आहे. प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे इंग्रजांच्या काळच्या सर्वांत वरच्या कोर्टाचा, निवाडा आहे. १९५६च्या अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याने आईवडिलांनासुद्धा मुलाच्या नावची स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि काका-मामांना तर केवळ सांभाळतो म्हणून तिला हात लावण्याचा अधिकारच नाही. पालकाने परस्पर विकलं असेल तर मुलगी सज्ञान झाल्यावर ३ वर्षांत दावा लावू शकते. या ३ वर्षांत केवढं नाट्य आहे बघा. मुलगी १८ची झाली, तिला माहीत नाही, दिवस संपत चाललेत, कुणीतरी सांगायला हवं. एवढी मुदतीची गोष्ट हाताशी असताना तुम्ही विषाची पुडी का शोधता?

आणि लग्न करून इस्टेट बळकावण्याचं. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ने बाईच्या मिळकतीची ती पूर्ण मालक असते. गळ्यात मंगळसूत्र पडल्याने तिची एक गुंठाही जमीन नवऱ्याची होत नाही. तुमच्या मालिकांनी पंचवीस-तीस वर्षं उलटंच शिकवलं. माझ्यासमोर बसलेल्या, शिकलेल्या बायका विचारतात, "लग्न झाल्यावर ते यांचंच ना?" मी दर वेळी नाही म्हणते. तुमचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे.

आता तिसरी तक्रार. खरं तर हिच्यासाठीच हे पत्र आहे, आणि ती लिहिताना मला माझाही दोष सांगावा लागणार आहे.

काकांना दोन मुलगे आणि एक मुलगी. ही माझी धाकटी बहीण. चुलत हा शब्द आम्ही कधी वापरला नाही. १९९९ साली तिचं लग्न झालं. महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क दिला होता. २२ जून १९९४ ही तारीख मला झोपेत विचारली तरी सांगेन, कारण त्या कायद्यात त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या आणि एका तारखेने किती बहिणी बाहेर राहिल्या ते मी कागदांत पाहिलं आहे. ९ सप्टेंबर २००५ला केंद्राचा कायदा आला आणि तो फरकही गेला. माझी बहीण दोन्ही हिशेबांनी हक्कदार होती. त्याच्याही आधी, १९५१ साली, हिंदू कोड बिल रखडवलं गेलं म्हणून बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं होतं. एवढ्या लांबून, एवढ्या कष्टाने तो हक्क तिच्या दारापर्यंत आला होता.

काका २०११ साली गेले. पुढच्या वर्षी मे महिन्यात बहीण मुलांना घेऊन माहेरी आली असताना भावांनी तिने जमिनीवरचा हक्क सोडण्याचा विषय काढला. कुणी आवाज चढवला नाही. थोरला म्हणाला, "सोसायटीचं कर्ज काढायचंय, सगळ्यांची नावं असली की सह्यांना धावपळ होते." काकू म्हणाली, "भावाचं घर राहिलं तर तुझं माहेर राहील." बहीण म्हणाली, "मला काय करायचंय जमीन घेऊन?" मी तिला बाजूला घेऊन विचारलं, नीट विचार केलास का? ती हसली. म्हणाली, "अगं, माझे भाऊ काय मालिकेतले आहेत का?"

हे तिचे शब्द. तेव्हा ती रोज रात्री एक मालिका बघायची. तिच्यात भाऊ बहिणीला खोलीत कोंडून सही घेत होता. अन्याय झाला हे ओळखायची तिच्याकडे तीच खूण होती. कोंडलं नाही, मारलं नाही, पुडी घातली नाही, मग अन्याय कसला?

हक्कसोडपत्र मी टाइप केलं. "मी माझा हक्क व हितसंबंध विनामोबदला, राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता कायमचा सोडून देत आहे." हे वाक्य मी तोपर्यंत किती वेळा टाइप केलं असेल. त्या दिवशी "राजीखुशीने" वर बोटं थांबली आणि मी पुढे टाइप केलं. नोंदणी कार्यालयात बाहेरच्या बाकड्यावर आम्ही चौघं बसलो होतो. थोरल्याने उसाचा रस आणला, बहिणीच्या ग्लासात बर्फ नको म्हणून सांगून आणला, कारण तिचा घसा धरतो हे त्याला ठाऊक होतं. नंबर आला. आतल्या साहेबांनी विचारलं, "स्वखुशीने देताय ना?" ती हो म्हणाली. कॅमेऱ्याकडे बघा, अंगठा इथं. ओळख पटवणारी म्हणून माझी सही आहे. येताना भावांनी तिला साडी घेतली, मोरपंखी, चांगली भारीतली. ती अजून नेसते.

काही वर्षांनी रस्त्यालगतची १ एकर जमीन भावांनी विकली. त्याच सुमारास बहिणीच्या नवऱ्याची किडनी गेली. भाऊ दवाखान्यात रात्र रात्र बसले, २० हजार रुपये दिले, परत मागितले नाहीत. वाईट माणसं नाहीत हो ती. विकलेल्या जमिनीत बहिणीचाही वाटा होता, हे त्यांच्या मनातच आलं नाही, आणि तिच्याही आलं नाही. कानातले विकून तिने डायलिसिसचे पैसे भरले. मला ते नंतर कळलं.

आईबाप नसलेल्या माझं नाव सातबाऱ्यावर राहिलं. आई, वडील, दोन भाऊ असलेल्या, लाडात वाढलेल्या माझ्या बहिणीचं गेलं. या दोन्ही गोष्टी एकाच घरात, त्याच माणसांच्या हातून घडल्या. ज्या काकूने माझ्या दुधात साखर घातली, तिनेच पोटच्या मुलीला "माहेर राहील" म्हणून सही करायला लावली. तिला हे आता कळतं. एकदा वेणी घालताना ती मला म्हणाली होती, "तुझ्या काकांनी तुझं नाव लावलं तसं मी तिचं ठेवायला पाहिजे होतं." तुमच्या काकूपेक्षा ही काकू लिहायला अवघड आहे, हे मी समजू शकते. पण लेखक तुम्ही आहात.

माझी बहीण एकटी नाही. मे महिन्यात आणि दिवाळीला, म्हणजे मुली माहेरी येतात तेव्हा, आमच्याकडे हक्कसोडपत्रांचं काम वाढतं. बाकड्यावर बहिणी बसलेल्या असतात, मांडीवर पोर, पिशवीत डबा. बहुतेकजणी हसत असतात. कुणालाही कुणी ओढून आणलेलं नसतं. सही नाही केली तर पुढच्या भाऊबीजेला दार उघडेल का, एवढाच प्रश्न असतो आणि तो कुणी मोठ्याने विचारत नाही. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हक्क जन्मानेच आहे, २००५ साली वडील हयात असण्याचीही अट नाही, असं स्पष्ट केलं. त्या निकालानंतर आमच्याकडे वाटपाचे दावे किती येतील म्हणून वकीलसाहेबांनी वेगळी फाईल केली होती. आमच्या कार्यालयापुरतं सांगायचं तर हक्कसोडपत्रांची फाईल जास्त जाड झाली.

आणि खरंच अंगावर काटा आणणारी गोष्ट हवी असेल तर कायद्याच्या पुस्तकातच आहे. १९५५ साली लग्न झालेली एक बाई. तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला. सासरच्यांनी घराबाहेर काढलं. आईवडिलांनी शिकवलं, तिने नोकरी केली, पै पै साठवली. १९९६ साली मृत्युपत्र न करता वारली. तिच्या बँकेतल्या आणि भविष्यनिर्वाह निधीतल्या पैशांवर तिच्या आईने हक्क सांगितला आणि नवऱ्याकडच्या नातेवाइकांनीही सांगितला. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने हिंदू वारसा कायद्याचं कलम १५ वाचून नवऱ्याकडच्यांना दिलं, कारण मूलबाळ नसलेल्या बाईच्या स्वकष्टाच्या मिळकतीचा वारसाक्रम त्या कलमात तसाच लिहिलेला आहे. चाळीस वर्षं ज्यांनी तिला विचारलं नाही, त्यांना. एक साधं मृत्युपत्र, दोन साक्षीदारांच्या सह्या, एवढ्याने ते टळलं असतं. नोंदणीसुद्धा सक्तीची नसते. ही गोष्ट एका महाएपिसोडमध्ये दाखवलीत तर दुसऱ्या दिवशी किती बायका कागद-पेन घेऊन बसतील याचा विचार करा.

शेवटची तक्रार तुमच्या नायिकेबद्दल. तिच्या नावावर शंभर कोटी असतात आणि तिने आयुष्यात एक उतारा वाचलेला नसतो. कागद पुढे आला की ती रडते, किंवा न वाचता सही करते, आणि हा तिचा चांगुलपणा म्हणून दाखवला जातो. वाचणारी, प्रश्न विचारणारी, "उद्या सही करते, आधी वकिलांना दाखवते" म्हणणारी बाई तुमच्याकडे निगेटिव्ह शेडमध्ये असते. माझ्या बहिणीला "मला काय करायचंय जमीन घेऊन" हे म्हणणं चांगल्या मुलीचं लक्षण वाटलं. ते तिला कुणी शिकवलं याचा सगळा भार मी तुमच्यावर टाकत नाही. आमच्या घराने शिकवलं, गावाने शिकवलं. तुम्ही रोज रात्री त्याची उजळणी घेतलीत.

बंदी घाला, सेन्सॉर करा, असं मी कुणाला सांगणार नाही. तुमच्यावर आठवड्याच्या आकड्यांचा दबाव असतो, एपिसोड रात्रीत लिहावे लागतात, वाहिनीचा क्रिएटिव्ह ऐन वेळी ट्रॅक बदलायला लावतो, हे मी वाचलं आहे. तरीही माझ्या मागण्या आहेत आणि त्या अवघड नाहीत.

पोरक्या मुलाला सांभाळणारं घर दाखवाल तेव्हा ते घर आधी साधं घर असू द्या. काकू चिडेल, कंजूषपणा करेल, स्वतःच्या मुलाला मोठा लाडू देईल, आणि तापात रात्रभर उशाशीही बसेल. तिला खलनायिका करायचीच असेल तर कारण द्या, आणि दर वेळी तीच नको.

अन्नात विष घालण्याचे प्रसंग संध्याकाळच्या मालिकांतून काढून टाका. घरात लहान मुलं त्याच वेळी जेवत असतात.

इस्टेट, मृत्युपत्र, पालकत्व यांवरचा ट्रॅक चित्रित होण्याआधी एका वकिलाला किंवा दस्त लिहिणाऱ्याला वाचायला द्या. श्रेयनामावलीत वेशभूषाकार असतात, केशभूषाकार असतात, तिथे एक ओळ कायदा सल्लागाराची येऊ द्या.

वारसदार मुलीला स्वतःचा सातबारा स्वतः वाचू द्या. तिला वाचवायला कुणी येण्याआधी.

आणि एकदा तरी हक्कसोडपत्राचा प्रसंग खराखुरा लिहा. पार्श्वसंगीत नको, भुवई उडवणारी वहिनी नको. भाऊ प्रेमळ असू दे, उसाचा रस असू दे, साडी असू दे. साहेब विचारू देत, "स्वखुशीने?" आणि त्या मुलीला उत्तर द्यायला थोडा वेळ द्या.

यासाठी तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर मे महिन्यात या. सकाळी साडेदहाला कोणत्याही तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या बाकड्यावर जागा मिळते. दुपारी दोनपर्यंत बसलात तरी पुरे. आमच्या तालुक्याला आलात तर जेवायला घरी चला. काकूला मी सांगून ठेवते.

आपली,
वाई तालुक्यातली एक प्रेक्षक